लिनक्सवर डायल-अप लागत नसेल, तर आधी एवढं हाताशी ठेवा

नेट बंद पडल्यावर नेटवर उपाय शोधता येत नाही, म्हणून ही तयारी जोडणी चालू असतानाच करून ठेवा. पीपीपीडी (फोनलाइनवरची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि चॅट (मोडेमकडून नंबर लावून घेणारा प्रोग्रॅम) यांची मॅन पानं, म्हणजे मदतीची पानं, मशिनवर आहेत ना, मिनिकॉम (मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्रॅम) बसवलेलं आहे ना, ते आजच बघा. डायल करायचा नंबर, युजरनेम, पासवर्ड आणि डीएनएसचे (साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे) दोन पत्ते कागदावर उतरवा. इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या पीपीपी फोल्डरची एक प्रतही काढून ठेवा. चार ठिकाणी बदल केल्यावर मूळ काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

मग लॉग. त्याच पीपीपी फोल्डरमधल्या ऑप्शन्स फाइलमध्ये ‘डीबग’ हा शब्द घाला आणि दुसऱ्या टर्मिनलवर सिस्टिम लॉग उघडा ठेवा. लॉग समोर नसताना एकही सेटिंग बदलू नका, हे मी कळकळीने सांगतो.

सुरुवात मोडेमपासून. आतलं कार्ड असेल तर ते विनमोडेम नाही ना, बघा. त्याचं बरंचसं काम ड्रायव्हर करतो, आणि त्या चिपचा लिनक्स ड्रायव्हर नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया. सिरियल केबलचा बाहेरचा मोडेम सगळ्यात बिनघोर. पोर्ट मोजताना एकाचा फरक ध्यानात ठेवा: कॉम१ म्हणजे लिनक्समधला टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१. मिनिकॉममध्ये ‘एटी’ टाइप करून एंटर दाबा. लगेच ‘ओके’ आलं तर पोर्ट ठीक. पण उत्तर उमटायलाच कित्येक सेकंद लागत असतील, तर बहुधा आयआरक्यू (पोर्टने प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) चुकलाय. सेटसिरियल या कमांडने तपासा: नेहमीच्या पीसीवर टीटीवायएस०ला ४ आणि टीटीवायएस१ला ३ असतो. काम झालं की मिनिकॉम बंद करा, नाहीतर पोर्टवर त्याचंच कुलूप राहतं. रूटला (म्हणजे अॅडमिन युजरला) जमतंय आणि साध्या युजरला नाही, असं असेल तर डेबियनवर तो डायलआउट ग्रुपमध्ये आहे का पाहा. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं.

फोनवर टोन ऐकू येतोय आणि मोडेम मात्र ‘नो डायलटोन’ म्हणतोय? मोडेमला एटीएक्स३ ही आज्ञा द्या, मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

नंबर लागून जोडणी तुटत असेल तर पीपीपीडीचा एक्झिट कोड टिपून घ्या. ८ म्हणजे चॅट स्क्रिप्ट अडली, १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला, १९ म्हणजे पलीकडच्याने आपली ओळख मान्य केली नाही. १९ आला की पॅप आणि चॅप (ओळख पटवायच्या दोन पद्धती) यांच्या सीक्रेट्सच्या, म्हणजे पासवर्डांच्या, फाइली उघडा. पासवर्डात हॅश असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला, कारण त्या फाइलींत हॅशपासून टीप सुरू होते. अशी एक ओळ सापडायला अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

आयपी मिळाला, तरी काहीच उघडत नाही? पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) आधी आकडी पत्त्याला करा, मग नावाला. नावालाच अडत असेल तर डीएनएस बघा: यूजपीअरडीएनएस या पीपीपीडीच्या पर्यायाने मिळालेले पत्ते पीपीपी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये जातात, आणि सिस्टिम वाचते ती थेट इटीसीमधली. पत्ते तिकडे पोचवणारी मधली स्क्रिप्ट नसेल तर कागदावरचे दोन पत्ते इटीसीमधल्या फाइलीत हाताने लिहा. आकडी पत्त्यालाही पिंग जात नसेल तर मार्ग दाखवणारी ‘रूट’ (route) कमांड चालवा. इथरनेटचा जुना डीफॉल्ट रूट (बाहेर जायचा ठरलेला मार्ग) बसलेला असेल तर पीपीपीडी तो आपणहून हटवत नाही. तो काढून टाका आणि पुन्हा डायल करा.