घरातल्या संगीताच्या रेकॉर्ड मांडायच्या कशा

रेकॉर्डच्या मांडणीबद्दलचे बहुतेक सल्ले 'हवी ती रेकॉर्ड चटकन सापडावी' इथून सुरू होतात आणि तिथेच चुकतात. आपली रेकॉर्ड माणूस शोधून काढतोच. कव्हरचा रंग आठवतो, कुठल्या कोपऱ्यात दिसली होती ते आठवतं. मांडणी विस्कटते ती परत ठेवताना. रात्रीचे बारा वाजलेत, दुसरी बाजू संपली, डोळ्यांवर झोप आहे आणि हातातली रेकॉर्ड दोन ठिकाणी जाऊ शकते. अशी रेकॉर्ड कुठेच जात नाही. ती टर्नटेबलशेजारी भिंतीला टेकते, तिला दुसरी टेकते आणि पंधरवड्यात तिथे बिनक्रमाचा नवाच संग्रह उभा राहतो. म्हणून कसोटी एकच ठेवा: रेकॉर्ड हातात घेतली की तिची जागा कोणती, याचं उत्तर डोकं न लावता आणि एकच यायला हवं.

उतरवा आणि आकार वेगळे करा

सगळं खाली काढा. बारा इंची, दहा इंची, सात इंची आणि ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्या, असे गठ्ठे करा. ३३ १/३ आरपीएमची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, १९४८ साली आली, सात इंची ४५ आरपीएमची रेकॉर्ड १९४९ साली. त्याआधीच्या ७८च्या तबकड्या लाखेच्या, जड आणि ठिसूळ. त्या वाकत नाहीत, थेट तडकतात, त्यामुळे एलपीच्या रांगेत त्यांना जागा नाही. सात इंची रेकॉर्ड मोठ्यांमध्ये घुसवली की ती आत गडप होते, शिवाय शेजारच्या कव्हरला बाक येतो. प्रत्येक आकाराची रांग वेगळी, नियम मात्र सगळ्यांना एकच.

उतरवता उतरवता प्रत्येक कव्हरमध्ये डोकावा. रिकामं कव्हर, भलतीच रेकॉर्ड, एका कव्हरात कोंबलेल्या दोन, जे काही असेल ते आत्ताच निघू द्या. पेटीतल्या संचांना मात्र घाईने 'दुरुस्त' करू नका. तीन रेकॉर्डच्या संचात पहिल्या बाजूच्या मागे सहावी, दुसरीच्या मागे पाचवी आणि तिसरीच्या मागे चौथी असेल, तर कुणी घोळ घातलेला नाही. रेकॉर्ड आपोआप एकावर एक पडत जाणाऱ्या चेंजरसाठी त्या मुद्दाम तशा छापत. तीन बाजू ओळीने ऐकायच्या, मग चळत तशीच उलटी करून उरलेल्या तीन.

खण

एलपीचं कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटरचं असतं, म्हणून खण आतून ३३ सेंटिमीटर उंच असला की झालं. खरा प्रश्न वजनाचा. एक मीटर भरलेली रांग ५० किलोच्या घरात जाते आणि पुस्तकांसाठी केलेली लांब फळी काही महिन्यांत मधोमध पोट सोडते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, अगदी सरळ उभ्या. दर १०-१५ सेंटिमीटरवर फळीला पक्की बसवलेली, कव्हरइतकी उंच उभी पट्टी हवी. अर्ध्या रिकाम्या खणात रेकॉर्ड एका अंगावर कलतात आणि कललेल्या रेकॉर्डला कालांतराने बाक येतोच. रिकामी जागा लाकडी ठोकळ्याने भरून टाका. गच्च भरलेला खणही वाईट, कारण आतल्या तबकडीचा गोल कव्हरवर उमटू लागतो. एक रेकॉर्ड ओढल्यावर शेजारची सोबत येत असेल तर तिथून दोन-चार हलवा. ऊन नको, गरम होणारा अँप्लिफायर खाली नको. आणि जाड, मऊ, चकचकीत पीव्हीसीची बाहेरची आवरणं काढून फेका. त्यांच्यातल्या रसायनाने रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन चालेल.

क्रम कशावरून लावायचा

अडतं ते इथे. मलाही याच पायरीने सर्वांत जास्त छळलं, आणि जे सल्ले वाचले त्यांनी तिढा वाढवलाच.

रंगावरून लावलेली रांग फोटोत छान दिसते. फोटो काढायचा असेल तर खुशाल लावा. एरवी बहुतेक कव्हरांचे कणे, म्हणजे खणात समोर दिसणाऱ्या कडा, पांढरे नाही तर काळे असतात, हे लावायला बसल्यावर कळतं. विकत घेतल्याच्या क्रमाने लावलं तर ती गोष्ट फक्त तुम्हाला वाचता येते, घरातल्या दुसऱ्या कुणाला रेकॉर्ड परत ठेवता येत नाही.

सालावरून लावणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: कुठलं साल? ध्वनिमुद्रणाचं, पहिल्यांदा बाजारात आल्याचं, की तुमच्या हातातली प्रत छापल्याचं? या तिघांत वीस-वीस वर्षांचं अंतर सहज पडतं. शिवाय तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या लेबलवर गोलातला 'पी' (ध्वनिमुद्रणाच्या हक्काची खूण) आणि त्यापुढे साल छापायची रीत १९७१च्या जिनिव्हा करारानंतर रूढ झाली. त्याआधीच्या कितीतरी रेकॉर्डवर सालच सापडत नाही. रेकॉर्ड परत ठेवण्यासाठी आधी संशोधन करायला लावणारी मांडणी टिकत नाही.

सगळ्यांत मोहात पाडते ती संगीतप्रकारावरून केलेली विभागणी. सुरुवातीला पाच विभाग असतात, वर्षभरात ते चौदा होतात आणि पंधराव्याचं नाव 'इतर' असतं. प्रकार आपण कानाने ठरवतो, आणि कानाचं मत ऋतूगणिक बदलतं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५०च्या दशकातल्या रेकॉर्ड बिनतक्रार जॅझमध्ये जातील, पण १९७०च्या आसपासच्या, विजेच्या गिटारी वाजणाऱ्या? त्या रॉकमध्ये टाकल्या तर एक माणूस दोन कपाटांत फाटला. जॅझमध्येच ठेवल्या तर तसाच आवाज असलेल्या बाकीच्या रेकॉर्डचं काय? या वादाचा निकाल लागत नाही. गप्पांना तो झकास, कपाटाला नको.

कंपनी आणि कॅटलॉग नंबर (कंपनीने रेकॉर्डला दिलेला छापील क्रमांक) यांवरून लावण्याला मात्र मी हसत नाही. मोठे ध्वनिसंग्रह असं करतात, कारण प्रत्येक रेकॉर्डला खरोखर एकच जागा मिळते. किंमत ही की यादी उघडल्याशिवाय काहीच सापडत नाही. घरात हजारोंनी रेकॉर्ड असतील तर विचार करा.

उरलं नाव. नावावरून लावा, पण कुणाचं नाव हे एकदाच आणि कायमचं ठरवा. माझा नियम: पहिल्या बाजूच्या लेबलवर जे नाव सर्वांत आधी छापलंय, ते. कव्हरवर नाही, लेबलवर. कव्हरवर चित्रकाराची मर्जी चालते. पुढे एक नाव मोठं, कण्यावर दुसरं, मागे तिसरंच. लेबल तबकडीला चिकटलेलं असतं आणि परत ठेवायच्या क्षणी ते तुमच्या डोळ्यांसमोरच असतं.

आता अडचणीच्या रेकॉर्ड घ्या. बिस्मिल्ला खाँ आणि व्ही. जी. जोग यांची जुगलबंदी: लेबलवर ज्याचं नाव आधी, त्याच्याकडे ती जाईल. रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन एकत्र: तसंच. एका बाजूला बीथोव्हेन, दुसरीला ब्राम्स: पहिली बाजू बीथोव्हेनची, विषय संपला. गायक आधी एका चमूत होता, मग एकटा गाऊ लागला, तर चमू चमूच्या नावावर आणि तो त्याच्या नावावर. पॉल मॅकार्टनीच्या बाबतीत हे बोचतं. बीटल्स एकीकडे, त्याच्या नंतरच्या चमूच्या, 'विंग्ज' एवढंच नाव असलेल्या रेकॉर्ड दुसरीकडे, आणि 'पॉल मॅकार्टनी अँड विंग्ज' अशा छापलेल्या तिसरीकडे. संगीताच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे, मला मान्य आहे. पण पहिला अपवाद केलात की दुसरा रांगेत उभाच असतो, म्हणून बोचू द्या.

नाव वाचायचं ते छापलंय तसं, पहिल्या शब्दापासून. पंडित, उस्ताद, सर वगैरे सोडून द्यायचं. ग्रंथालयं आडनावावरून लावतात म्हणून इथेही आडनाव घ्या, असं सांगणाऱ्याने कधी विलायत खाँ, अमीर खाँ, अली अकबर खाँ आणि बिस्मिल्ला खाँ एका रांगेत लावून पाहावेत. अर्धा खण नुसता 'खाँ' होतो. या नियमातून मी तीनच गट बाहेर ठेवले आहेत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत रचनाकाराच्या आडनावावर, कारण लेबलवर अनेकदा तेवढंच असतं. चित्रपटाच्या रेकॉर्ड चित्रपटाच्या नावावर. अनेक कलाकारांची संकलनं शीर्षकावर, सगळ्यांत शेवटी. चौथा गट करायची हुक्की येईल, ती दाबा.

अक्षरक्रम देवनागरी की रोमन? तुमच्या बहुसंख्य कण्यांवर जी लिपी आहे तिचा. दोन्ही एका रांगेत चालवू नका, 'के' आणि 'सी' मध्ये रोज भांडण होईल. एकाच वादकाचं नाव तीन कव्हरांवर तीन स्पेलिंगांनी असेल, तर एक स्पेलिंग निवडा, त्याच्या रेकॉर्डच्या आधी एक पुठ्ठा उभा करा आणि त्यावर ते ठळक लिहा.

एका नावाखाली दहापेक्षा कमी रेकॉर्ड असतील तर आत कसलाही क्रम लावू नका. दहा कणे नजरेत मावतात.

'तिकडे पाहा' पुठ्ठे

जुगलबंदीतल्या दुसऱ्या कलाकाराच्या जागी कव्हरच्या मापाचा पुठ्ठा ठेवायचा आणि वरच्या कडेला लिहायचं: अमुक रेकॉर्ड तमुक नावाखाली. पण हे पुठ्ठे आधीच करत बसू नका. एखादी रेकॉर्ड तुम्ही खरोखर चुकीच्या जागी शोधलीत की त्या दिवशी तिथे पुठ्ठा घाला. लागतात तेवढेच तयार होतात, आणि ते अगदी कमी असतात.

यादी

साधी तक्ता-फाइल पुरते: नाव, शीर्षक, कंपनी, कॅटलॉग नंबर. २००० साली सुरू झालेलं डिस्कॉग्ज हे रेकॉर्डच्या नोंदींचं संकेतस्थळ वापरलंत तर नेमकी आवृत्ती ओळखण्यासाठी लेबलभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेले आकडे पाहा. एकच कॅटलॉग नंबर वेगवेगळ्या छपायांवर सापडतो, हे आकडे त्यांतला फरक सांगतात. दिव्याखाली रेकॉर्ड तिरपी धरली की ते दिसतात. यादीत खणाचा क्रमांक लिहू नका. दहा रेकॉर्ड आल्या की सगळे खण सरकतात आणि यादी खोटी पडते. कव्हरवर स्टिकर तर मुळीच नकोत. आतल्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने लिहा, तेही तबकडी बाहेर काढून.

रोजचा वापर

टर्नटेबलजवळ दहा रेकॉर्ड मावतील एवढीच पेटी ठेवा, अकरावी मावता कामा नये. पेटी भरली की सगळ्या जागेवर जातात, मगच पुढची लागते. रेकॉर्ड काढल्यावर खूण म्हणून तिचं रिकामं कव्हर रांगेत ठेवायची युक्ती अनेक जण सुचवतात. ऐकू नका. रिकामं कव्हर दोन्हीकडून दाबलं जातं आणि त्याचा कणा मोडतो. खूण हवीच असेल तर एक पुठ्ठा उभा करा. नव्या आलेल्या रेकॉर्ड धुतल्याशिवाय रांगेत नाहीत, त्यांची पेटी वेगळी.

घर बदलायचं असेल तर पुस्तकांचे मोठे खोके घेऊ नका. एका खोक्यात चाळीस-पन्नास एलपी, उभ्या, मोकळी जागा ठासून भरलेली. त्याहून जास्त भरल्या तर उचलणारा खोका आपटणार. खोके भरताना रांगेचा क्रम मोडू नका, प्रत्येकावर आकडा घाला आणि पहिली-शेवटची रेकॉर्ड कोणती ते बाहेरून लिहा. नव्या घरात एक नंबरपासून उघडत गेलात की लावायला फक्त हात लागतात.