दाबोळी की मोपा? गोव्याचं तिकीट काढण्याआधी

गोव्यात दोन विमानतळ आहेत, तेव्हा तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून थांबू नका, विमानतळाचा कोड बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे पेडणे तालुक्यातलं मोपा. दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर अंतर आहे. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर विमान हमखास चुकतं, कारण देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो.

दाबोळी पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधलं. १९६१नंतर ते भारतीय नौदलाकडे आलं आणि आजही धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा तळाचीच आहे. नौदलाच्या सरावामुळे नागरी उड्डाणांच्या वेळांवर बंधनं येत. मोपा उभारण्यामागचं ते एक मोठं कारण. मोपाचं, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं, उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झालं आणि ५ जानेवारी २०२३पासून प्रवासी विमानं सुरू झाली.

वास्को, मडगाव, कोलव्याला जायचं तर दाबोळी घ्या. हरमल, मोरजी, सावंतवाडी, वेंगुर्ल्यासाठी मोपाच सोयीचं. सिंधुदुर्गकरांनी तर आधी तेच बघावं. पणजीला दोन्हीकडून जवळपास सारखाच वेळ लागतो, तेव्हा स्वस्त तिकीट निवडा. मोपाहून पणजी-मडगावला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, बस मिळतात. टॅक्सी ठरवण्याआधी बसची वेळ विचारा, बराच पैसा वाचतो.

परतताना फेणी न्यायची तर दुकानातली सीलबंद बाटलीच घ्या आणि ती चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. विमानात माणशी मर्यादा ५ लिटरची. घरगुती, बिनसीलची बाटली तपासणीत काढून ठेवतात. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत हवी.