एसएफटीपी रडतखडत चालतंय? आधी वायर तपासा

मिरजेच्या स्कॅन सेंटरमधून सांगलीत विश्रामबागच्या क्लिनिकला एसएफटीपीने (एसएसएच या एन्क्रिप्टेड कनेक्शनवरून फाइली पाठवायची पद्धत) ३०० एमबी पाठवायला अर्धा तास लागला, की खापर फुटतं ते एन्क्रिप्शनवर. दोष तिथे क्वचितच असतो.

आधी हिशेब करा. इंटरनेटचा प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, विनएससीपी (एसएफटीपीने फाइली पाठवायचा प्रोग्राम) वेग दाखवतं मेगाबाइटमध्ये. म्हणून ८ ने भागायचं. १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला ११ एमबी मिळाले तर तक्रारीला जागा नाही. आणि पाठवणाऱ्याचा अपलोड बघा, डाउनलोड नव्हे.

एकाच ऑफिसात गिगाबिट स्विच असूनही वेग ११ वरच अडकला असेल तर वायरवर संशय घ्या. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये, लिनक्सवर ईथटूल या कमांडने लिंक स्पीड दिसतो. गिगाबिटला आठही तारा लागतात; १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना पुरतात. त्यामुळे ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार क्रिम्पिंगमध्ये (कनेक्टर तारांवर दाबून बसवताना) सैल राहिली तरी नेट चालूच राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. पॅच कॉर्ड बदला, नाहीतर कनेक्टर नव्याने क्रिम्प करा. सेटिंगमध्ये वेग हाताने ठरवू नका: एका बाजूला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्कं केलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर ती हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच) धरते आणि कोलिजन, म्हणजे डेटाच्या टकरी, सुरू होतात. दोन्हीकडे ऑटोच ठेवा.

मग आयपर्फ३ (दोन मशिनमधला नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) चालवा, वायफायवर नव्हे, वायर लावून. यात डिस्क नाही, एन्क्रिप्शन नाही, फक्त नेटवर्क. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला आणि एसएफटीपी तरी १५ एमबीवर रेंगाळत असेल, तर दोष नेटवर्कचा नाही. आता डिस्क बघा (यूएसबी २ च्या पेन ड्राइव्हकडून फार अपेक्षा नको), मग प्रोसेसर. टास्क मॅनेजरमध्ये चार कोअरच्या मशिनवर २५ टक्केच दिसले तरी फसू नका. एसएसएचचं एक कनेक्शन बहुतांशी एकाच कोअरवर चालतं, आणि तो कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीची सोय असेल तर एईएस १२८ जीसीएम निवडा, जुन्या मशिनवर चाचा२०. झिप किंवा जेपीईजी पाठवताना कॉम्प्रेशन बंदच ठेवा.

स्कॅनच्या बाबतीत खरा घोळ मात्र बारीक फाइलींचा असतो. सीटीची एक स्लाइस ५१२ बाय ५१२, प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. ३०० एमबीच्या ६०० फाइली झाल्या. प्रत्येक फाइल उघडा, लिहा, बंद करा, तारीख लावा, आणि दर वेळी पलीकडच्या उत्तराची वाट बघा. दोन ठिकाणी वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट असेल तर मिरज ते सांगली हा प्रवास मुंबईमार्गेही होऊ शकतो. ट्रेसरूट (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) करून बघा. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद धरले तर फाइलीमागे चार फेऱ्यांचे १६० मिलिसेकंद, आणि ६०० फाइलींना ९६ सेकंद नुसते वाट बघण्यात गेले. पूर्ण फोल्डरची एकच झिप करून पाठवा. ते जमत नसेल तर फाइलझिला या प्रोग्राममध्ये एकाच वेळच्या ट्रान्सफरची संख्या दोनवरून चारवर न्या.

फाइली झरझर जातात पण लॉगिनलाच वेळ लागतो, तर ते दुखणं वेगळं: सर्व्हर बहुधा उलट डीएनएस (आयपी पत्त्यावरून मशिनचं नाव) शोधत बसलेला असतो. एसएसएचडीच्या (सर्व्हरवरच्या एसएसएच सर्व्हिसच्या) कॉन्फिगमध्ये 'यूज डीएनएस' ला 'नो' करा आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा. नवं लॉगिन जमेपर्यंत जुनं सेशन बंद करू नका. कॉन्फिगमध्ये चूक राहिली तर आत शिरायला तेवढाच दरवाजा उरतो.