दुर्गम भागात लोकसंख्या वाढतेय? घरं, पाणी, रस्त्याचा हिशोब स्वतः कसा काढायचा

"दहा वर्षांत लोकसंख्या दुप्पट होणार" असं कुणी म्हणालं की आधी ७० ला त्या वर्षांनी भागा. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे ७० भागिले १०, वर्षाला साधारण ७ टक्के वाढ. आता जगात सगळ्यात वेगाने वाढणारे जे देश आहेत तिथेही जन्म वजा मृत्यू अशी निव्वळ वाढ ४ टक्क्यांच्या आतच असते, म्हणजे ७ टक्के वाढ होणार असेल तर माणसं बाहेरून येणार आहेत, आणि तसं असेल तर ती का येणार, किती वर्षं राहणार, एकटी येणार की बायकापोरांसकट, हे विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. हे विचारायला तज्ज्ञ लागत नाही. वही, मोबाईलचा कॅल्क्युलेटर आणि जरा फिरायची तयारी एवढ्यावर बऱ्यापैकी अंदाज निघतो, आणि हा अंदाज हातात असला की मीटिंगमध्ये कुणी आकडे फेकून गप्प बसवू शकत नाही.

आधी आत्तापर्यंतची वाढ फोडून बघा. समजा पाच वर्षांपूर्वी वस्तीत २६०० माणसं होती आणि आता ३००० आहेत, म्हणजे ४०० वाढली. जन्म-मृत्यूच्या नोंदी काढल्या तर समजा ३०० जन्म, १०० मृत्यू. म्हणजे घरचे वाढले २००, उरलेले २०० बाहेरून आले (गेलेले वजा जाऊन). साधी वजाबाकी आहे पण ही कुणी करत नाही, सरळ दोन जनगणनांमध्ये रेघ ओढतात आणि तीच पुढे लांबवतात. जनगणना जुनी झाली असेल तर पहिलीत दाखल होणारी मुलं, लसीकरणाच्या नोंदी आणि घरगुती वीज कनेक्शन असे तीन आकडे वर्षावार मांडा, तिन्ही एकाच दिशेला जात असतील तर वाढ खरी. कनेक्शन वाढतायत पण पहिलीतली मुलं तेवढीच आहेत, तर समजायचं की कामाला आलेले एकटे लोक आहेत, कुटुंबं नाहीत.

आता बाहेरून येणाऱ्यांचा प्रश्न. खाण, धरण, तेल, मोठा रस्ता, असं काहीतरी दुर्गम भागात आलं की बांधकामाला लागणारी माणसं वेगळी आणि नंतर ते चालवायला लागणारी वेगळी, पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतो. प्रकल्पवाल्यांकडून हे दोन आकडे वेगवेगळे मागून घ्या, एकत्र करून दिले तर स्वीकारू नका. बांधकामाच्या माणसांसाठी हलवता येतील अशा राहायच्या सोयी, चालवणाऱ्यांसाठी पक्की घरं, हा हिशोब उलटा झाला की वाट लागते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधलं किटसॉल्ट बघा, १९७९ ला मॉलिब्डेनमच्या खाणीसाठी पूर्ण गाव वसवलं, सुमारे १२०० माणसं राहायला आली, हॉस्पिटल, शाळा, मॉल सगळं बांधलं, धातूचा भाव पडला आणि १९८२ ला खाण बंद. घरं तशीच उभी, माणूस नाही. आणि दुसरं टोक म्हणजे अमेरिकेत नॉर्थ डकोटातली मॅकेन्झी काउंटी, २०१० ला ६,३६० लोक, २०२० ला १४,७०४, तेलामुळे वर्षाला साडेआठ टक्क्यांच्या वर वाढ आणि घरं मात्र मागे राहिली. शेजारच्या विलिस्टनमध्ये २०१४ च्या एका पाहणीत छोट्या फ्लॅटचं भाडं न्यूयॉर्कपेक्षा जास्त निघालं होतं. मग तेलाचा भाव कोसळला आणि त्याच विलिस्टनमध्ये नव्या बिल्डिंगांमधले फ्लॅट रिकामे पडायला लागले. दोन्हीकडे चूक तीच, एकाच आकड्यावर भरवसा.

बरं, आता घरं. इथे माणसं मोजून उपयोग नाही, चुली मोजायच्या. माणसं ३००० आणि एका घरात सरासरी ५, तर ६०० घरं. वाढ वर्षाला ३ टक्के धरली तर दहा वर्षांनी साधारण ४०३०. पण त्या दहा वर्षांत कुटुंबंही लहान होतात, भाऊ वेगळे होतात, पोरं कमी होतात, समजा सरासरी ४.२ वर आली, तर लागणारी घरं ९६०. म्हणजे माणसं वाढली ३४ टक्के आणि घरांची गरज वाढली ६० टक्के! गंमत म्हणजे लोकसंख्या जराही वाढली नसती, ३००० च राहिली असती, तरी ७१४ घरं लागली असती. "आमच्याकडे लोकसंख्या वाढत नाही, मग घरं कशाला" असं म्हणणाऱ्याला हे करून दाखवा.

आणि आज ६०० घरं आहेत म्हणजे ६०० कुटुंबं आहेत असं नाही. एका छपराखाली दोन-तीन चुली असतात, जागा नाही म्हणून लग्न झालेला मुलगा त्याच खोलीत पडदा लावून राहतो, ही लपलेली गरज कुठल्याच कागदावर येत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडे इनुइट या मूळ रहिवाशांच्या भागात २०२१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त इनुइट लोक गर्दीच्या घरात राहतात असं दिसलं, म्हणजे घरं मोजून प्रश्न कळलाच नसता, आत किती खोल्या आणि किती माणसं हे विचारल्यावर कळला. यूएन हॅबिटॅटचा (संयुक्त राष्ट्रांची घरं आणि वस्त्यांसाठीची संस्था) निकष आहे की राहण्याजोग्या एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं म्हणजे गर्दी. पन्नासेक घरं निवडा, पण ओळखीची नको आणि नुसती रस्त्याकडेची पण नको, दर बारावं घर असं काहीतरी ठरवून घ्या, आणि तीनच प्रश्न विचारा: माणसं किती, खोल्या किती, चुली किती. तेवढ्यावरून पूर्ण वस्तीचा अंदाज लागतो.

मग आपल्या उदाहरणात नवी घरं ३६०, त्यात पडायला आलेल्यांच्या जागी समजा ६० मिळवा, आणि पाच टक्के घरं रिकामी हवीतच कारण माणसं येत-जात असतात, ती ४८. झाली ४६८, म्हणजे वर्षाला ४७. आता खरा प्रश्न, गेल्या पाच वर्षांत वर्षाला किती घरं पूर्ण झाली? मंजूर झालेली नाही हां, माणसं राहायला गेली अशी. ती पंधरा असतील तर पैसे कितीही आले तरी वर्षाला ४७ होणार नाहीत, कारण गवंडी तेवढे नाहीत, सामान पोचत नाही, आणि दुर्गम भागात बांधकामाचा सीझनच छोटा असतो. कुठे पावसात रस्ता बंद, कुठे बर्फ. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमध्ये तर वस्त्यांना जोडणारा रस्ताच नाही, अवजड सामान उन्हाळ्यात जहाजाने येतं, ती फेरी चुकली की थेट पुढच्या वर्षी. त्यामुळे वर्षाचे १२ महिने धरून वेळापत्रक बनवणाऱ्याला आधी विचारा की ट्रक किंवा बोट खरोखर किती महिने येते.

जागेचा हिशोब पटकन होतो. ४६८ घरं गुणिले समजा १०० चौरस मीटर, ४.७ हेक्टर. पण रस्ते, गटार, मोकळी जागा धरून एकूण जमिनीचा ४० टक्के भाग जातो असं धरा, म्हणजे जवळजवळ ७.८ हेक्टर लागतील. ही जमीन पुरात जाते का, उतार किती, मालकी कुणाची आणि खाली काय आहे हे बघून घ्या. स्वीडनमधल्या किरुना शहराखालीच लोखंडाची खाण सरकत आली म्हणून शहराचा मधला भागच हलवायची वेळ आली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ६७२ टनांचं लाकडी चर्च गाड्यांवर ठेवून पाच किलोमीटर नेलं!

पाण्यावर मात्र थांबा, घाई करू नका, कारण बाकी सगळं उशिरा झालं तरी चालतं, हे नाही. माणशी किती लिटर धरायचं? आणीबाणीच्या छावण्यांसाठीचं स्फिअर मानक दिवसाला किमान १५ लिटर म्हणतं, भारतातल्या जल जीवन मिशनने नळाने ५५ लिटर ठरवलंय, जागतिक आरोग्य संघटना मूलभूत गरजांसाठी ५० ते १०० सांगते. ५५ धरून ४०३० माणसांना २ लाख २२ हजार लिटर, आणि काढलेल्या पाण्यातलं १५ टक्के गळतं असं धरलं तर उद्भवातून (विहीर, बोअर, जिथून पाणी घेतो तिथून) रोज काढायला लागणार साधारण २ लाख ६१ हजार. वीज आठ तास मिळते असं समजा, तर तासाला ३२-३३ हजार, सेकंदाला ९ लिटर. आता हा ९ चा आकडा घेऊन विहिरीवर जा. बोअर असेल तर पंप काही तास सलग चालू ठेवून दोनशे लिटरचा पिंप किती सेकंदात भरतो ते बघायचं, २२ सेकंदात भरला तर ९ लिटर. कठीण खडकातली एक बोअर बहुतेक वेळा याच्या जवळपासही जात नाही. आणि ही चाचणी वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात करायची, पावसाळा संपता संपता केलेली चाचणी म्हणजे निव्वळ फोटो काढण्यापुरती. मला विचाराल तर उन्हाळ्यातला हा एक आकडा नसेल तर घरांच्या यादीवर चर्चाच करू नये.

अजून एक, पाणी योजना साधारण ३० वर्षांसाठी आखतात, पंप १५ वर्षांसाठी. ३ टक्क्यांनी ३० वर्षांत ३००० चे ७२८० होतात. सगळं आत्ताच ७२८० साठी बांधायचं नाही, पण जमिनीखालची मुख्य पाइपलाइन पुन्हा खोदायला फार महाग पडते म्हणून ती मोठी टाका, टाकी आणि पंप मात्र टप्प्याने. टाकीशेजारी दुसऱ्या टाकीची जागा राखून ठेवली की झालं.

जेवढं पाणी येतं त्याच्या ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, आपल्या उदाहरणात रोज पावणेदोन लाख लिटरच्या वर. नळ आला आणि गटार नाही आलं तर हे पाणी घरांच्या मधे साचतं आणि तिथून परत विहिरीकडे जातं, त्यामुळे शोषखड्डे पिण्याच्या विहिरीपासून किती लांब हे नकाशावर मांडाच. विजेचं एवढंच बघा की संध्याकाळी सगळ्यात शेवटच्या घरात व्होल्टेज किती येतं, तिथे बल्ब मिणमिणत असेल तर नवी कनेक्शन द्यायच्या आधी ट्रान्सफॉर्मर लागणार.

रस्त्याच्या बाबतीत लोक लोकसंख्या बघतात, बघायला हवं वजन. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० मध्ये मोठी रस्ता-चाचणी झाली, त्यातून निघालेला अंदाज असा की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे एक्सलवर दुप्पट वजन, तर नुकसान १६ पट. त्यामुळे रस्ता राहायला येणारी माणसं नाही मोडत, त्यांच्या आधी येणारे विटा, सिमेंट, खडी, टँकरचे ट्रक मोडतात, आणि घरं पूर्ण होईपर्यंत रस्त्याची चाळण झालेली असते. म्हणून दिवसभर फाट्यावर बसून जड वाहनं मोजा, भरलेली वेगळी, रिकामी वेगळी. सगळ्यात नाजूक पूल कुठला तेही लिहा, कारण कितीही टनाचा रस्ता केला तरी ट्रक त्या पुलाएवढाच चालणार. आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? २०१६ मध्ये कॅनडाच्या फोर्ट मॅकमरीत वणवा आला तेव्हा ८८ हजारांच्या आसपास लोकांना बाहेर काढायचं होतं आणि मुख्य हायवे एकच, ६३ नंबरचा. तेलामुळे गाव वाढत गेलं, बाहेर पडायची वाट तेवढीच राहिली.

शाळा आणि दवाखान्याला वयाचा हिशोब लागतो. आज जन्मलेलं मूल सहा वर्षांनी पहिलीत येतं, म्हणजे शाळेची गरज तुम्हाला सहा वर्षं आधी कळते, एवढी सूचना दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत मिळत नाही, तरी वर्ग सुरू झाल्यावर खोली नाही म्हणून धावपळ होतेच. तरुण जोडपी आली तर बाळंतपणाची सोय शाळेच्या कितीतरी आधी. नुसते एकटे पुरुष आले तर वेगळंच प्रकरण, अमेरिकेत वायोमिंगमधल्या जिलेट गावात कोळशाच्या भरभराटीत दारू, मारामाऱ्या, घटस्फोट, नैराश्य इतकं वाढलं की १९७४ मध्ये एल्डीन कोर्स या मानसशास्त्रज्ञाने त्याला जिलेट सिंड्रोम असं नावच दिलं. पोलीस आणि समुपदेशक हे पण इन्फ्रास्ट्रक्चरच आहे, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही म्हणून यादीत येत नाही.

शेवटी हे सगळं एका पानावर आणताना एकच आकडा लिहू नका, तीन लिहा: कमी, मधला, जास्त. तिन्ही अंदाजात जे लागतंच, म्हणजे उद्भव, जमीन राखणं, मुख्य पाइप, पूल, ते आत्ता करायचं. जे फक्त जास्तच्या अंदाजात लागतं त्याच्यासमोर अट लिहायची, उदाहरणार्थ वीज कनेक्शन ८०० झाली की दुसरी टाकी, पहिलीत सलग दोन वर्षं ४० च्या वर मुलं आली की नवा वर्ग. प्रत्येक अटीसमोर कोण मोजणार त्याचं पद आणि कुठल्या महिन्यात मोजणार ते लिहा, आणि देखभालीचा खर्च दरवर्षी कुठून येणार हा रकाना रिकामा असेल तर तो लाल करून ठेवा, मीटिंगमध्ये आधी तोच वाचायला घ्या.