फ्लूचे श्वासातून ओढायचे औषध: या चुका टाळा

गणेशचवथीच्या तिसऱ्या दिवशी, दुकान उघडून अर्धा तासही झाला नसेल, एक परिचित गृहस्थ गोव्यातल्या आमच्या फार्मसीत आले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेले एक छोटे यंत्र काउंटरवर ठेवले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या त्यांच्या मुलीने गेल्या खेपेला आणून ठेवलेले ते फ्लूचे औषध होते, आणि घरी त्यांच्या आईला चार दिवसांपासून ताप होता. "दोन दिवस ओढायला देतोय, पण काडीचा फरक नाही. औषध जुने झाले असेल का?" मी वापराची मुदत पाहिली, ती अजून संपलेली नव्हती. मग यंत्राचा ट्रे ओढून चकती बाहेर काढली. चकतीवरचे चारही ब्लिस्टर, म्हणजे पावडरचे बंद कप्पे, फुटलेले होते आणि त्यांच्या तळाशी पावडर ओल्या पिठासारखी चिकटून बसली होती. आईला प्रत्येक वेळी ताटकळत ठेवायला नको, म्हणून ते सकाळीच चारही ब्लिस्टर फोडून ठेवत असत.

त्यांच्या काळजीत काही खोट नव्हती आणि औषधातही नव्हती. औषध वाया गेले ते दोन ठिकाणी, घड्याळात आणि हातात. या औषधाच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका याच दोन ठिकाणी होतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या असल्यामुळेच हा लेख लिहीत आहे.

हे औषध म्हणजे झानामिव्हिर. रेलेन्झा या नावाने ते १९९९ साली अमेरिकेत मान्य झाले. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपल्या श्वसनमार्गाच्या पेशीत वाढतो आणि मग न्यूरामिनिडेज नावाच्या स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) पेशीशी असलेला धागा कापून बाहेर पडतो व शेजारच्या पेशीत शिरतो. झानामिव्हिर त्या विकराला अडवते, त्यामुळे नवे विषाणू जुन्या पेशीलाच चिकटून राहतात. जे विषाणू आधीच पसरले आहेत त्यांना ते मारत नाही. आपल्याकडे फ्लूसाठी डॉक्टर बहुधा ओसेल्टामिव्हिरच्या कॅप्सूल लिहितात, ओढायचे झानामिव्हिर क्वचितच लिहिले जाते. परंतु परदेशी राहणारे नातेवाईक नसलेले घर गोव्यात शोधावे लागते, आणि त्यांच्या बॅगांतून हे औषध कपाटात येऊन बसते. डॉक्टरांनी रुग्णाला तपासून सांगितल्याखेरीज ते कपाटातून काढू नये, ही पहिली सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

वेळेची गल्लत

उपचारासाठी हे औषध पहिले लक्षण दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू करायचे असते. लोक हे तास डॉक्टरांकडे गेल्यापासून मोजतात, किंवा तापमापकात पारा १०१च्या वर चढला तेव्हापासून मोजतात. खरे तर ते अंग मोडून येणे, घसा धरणे, अचानक थंडी वाजणे यांपैकी जे आधी झाले असेल तेव्हापासून मोजायला हवेत. "काल संध्याकाळी आरतीच्या वेळी अंग दुखायला लागले" हे वाक्य डॉक्टरांना सांगणे नुसते "दोन दिवस ताप आहे" असे सांगण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. वेळेत सुरू केले तरी औषधाचा लाभ माफक असतो. आजाराचा काळ साधारण एक दिवसाने कमी होतो. हा माफक लाभही उशिरा सुरू केल्यास हातचा जातो, कारण तोवर विषाणूंचे पसरणे बरेचसे उरकलेले असते.

वेळेच्या बाबतीत उलट दिशेची चूकही होते, ती म्हणजे प्रत्येक तापाला फ्लू समजण्याची. पावसाळ्यात गोव्यात फ्लू असतो तसाच डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसही असतो. शेतात किंवा साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्याला ताप येऊन पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर झानामिव्हिर ओढून काहीही होणार नाही आणि लेप्टोच्या उपचाराचे मोलाचे दिवस मात्र हातचे जातील. करोनावरही हे औषध चालत नाही. म्हणून ४८ तासांची घाई डॉक्टरांकडे जाण्यासाठी करावी, यंत्र तोंडात धरण्यासाठी करू नये.

हातातली चूक

आता मूळ विषयाकडे येते, कारण ओढायच्या औषधांच्या बाबतीत काउंटरवर मला रोज दिसते ते हेच. झानामिव्हिर पोटातून घेतले तर जेमतेम दोन टक्के रक्तात पोहोचते, म्हणून ते गोळीच्या रूपात येत नाही. श्वासातून नीट ओढले तरी पावडरचा मोठा भाग घशातच बसतो आणि साधारण १३ ते १५ टक्के भाग फुफ्फुसांत उतरतो. ओढण्यात चूक झाली तर हा एवढासा भागही खाली जात नाही. दम्याच्या रोटाकॅप, म्हणजे ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल, यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिलेले आहेत. तशी चूक या औषधाच्या बाबतीत झाली तर उपचार झालाच नाही असे समजावे.

यंत्राला डिस्कहेलर म्हणतात. त्यात बसवायच्या चकतीवर चार ब्लिस्टर असतात आणि प्रत्येकात ५ मिलिग्रॅम झानामिव्हिर व २० मिलिग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर) असते. एका वेळचा डोस १० मिलिग्रॅमचा, म्हणजे दोन ब्लिस्टरचा. एका ब्लिस्टरवर थांबणारे पुष्कळ असतात, कारण त्यांना दम्याच्या औषधाची एक कॅप्सूल घेण्याची सवय असते. दिवसातून दोनदा, पाच दिवस घ्यायचे, म्हणजे रोज एक चकती संपायला हवी. संध्याकाळी चकतीवर भरलेले ब्लिस्टर उरले असतील तर मोजणीत गडबड झाली आहे हे ओळखावे. पहिल्या दिवशी, शक्य असेल तर, दोन्ही डोस घ्यावेत आणि त्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. पुढच्या दिवसांत साधारण बारा तासांचे अंतर असावे.

कृती अशी. चकती ट्रेवर बसवून ट्रे आत सरकवावा आणि यंत्र आडवे, सपाट धरून झाकण पूर्ण उभे होईपर्यंत वर उचलावे. अर्धवट उचलले तर सुई ब्लिस्टरचा वरचा पदर फोडते आणि खालचा तसाच राहतो, मग कितीही जोर लावून ओढले तरी पावडर सुटत नाही. झाकण खाली करून यंत्र सपाटच ठेवावे. ते तिरपे केले की पावडर सांडते, आणि ती इतकी थोडी असते की सांडलेली कळतही नाही. मग तोंड बाजूला वळवून सावकाश, पूर्ण श्वास सोडावा. हा श्वास यंत्रात कधीही सोडू नये. इतर सगळे नीट करूनही नेमकी हीच चूक करणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. यंत्र ओठांत धरल्यावर त्यांना आधी फुंकरच येते, आणि तोंडातली वाफ लागून पावडर ओली होते. यंत्राचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, बाजूची हवेची भोके बोटांनी झाकू नयेत, आणि एकाच दमात जोरात व खोल श्वास ओढावा. नंतर काही सेकंद श्वास रोखून धरावा. दुसऱ्या ब्लिस्टरसाठी ट्रे एकदा बाहेर ओढून आत ढकलला की चकती फिरते, आणि मग हेच सगळे पुन्हा करायचे.

काही जणांना ओढल्यावर काहीच जाणवत नाही, आणि ते लगेच आणखी एक ब्लिस्टर फोडतात. तसे करू नये. ब्लिस्टर रिकामा झाला आहे का ते पाहावे. रिकामा असेल तर डोस पोहोचला असे धरावे. ब्लिस्टर ओढण्याच्या क्षणीच फोडायचा असतो, त्याआधी नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तिथे उघड्या लॅक्टोजचे काय होणार हे वेगळे सांगायला नको. औषधाचा डबा स्वयंपाकघरात चुलीजवळ किंवा न्हाणीघराच्या फडताळात न ठेवता घरातल्या कोरड्या, थंड कोपऱ्यात ठेवावा.

एखादा डोस चुकला तर आठवताच घ्यावा. पुढच्या डोसला दोन तासांहून कमी वेळ उरला असेल तर चुकलेला सोडून द्यावा, पण दोन डोस एकदम घेऊ नयेत. तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागले म्हणून थांबू नये. पाच दिवस पूर्ण करावेत.

कोणी ओढू नये

दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांना हे औषध सहसा देत नाहीत, कारण त्याने श्वासनलिका एकाएकी आवळण्याचा धोका असतो आणि असे गंभीर प्रसंग नोंदले गेले आहेत. "मी रोज पंप घेतो, मला ओढायची सवय आहे, मग मला हेच सोयीचे," असा हिशेब करणारे रुग्ण भेटतात, आणि नेमके त्यांच्यासाठीच ते धोक्याचे असते. डॉक्टरांनी सगळे माहीत असूनही ते दिलेच, तर श्वासनलिका मोकळी करणारा पंप आधी घ्यावा आणि तो जवळ ठेवूनच झानामिव्हिर ओढावे. ओढल्यावर छातीत शिट्टी वाजू लागली किंवा धाप लागली, तर औषध तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठावे.

पावडरमधल्या लॅक्टोजमध्ये दुधाच्या प्रथिनांचा अंश असतो, म्हणून दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी असलेल्याने हे औषध घेऊ नये. दूध प्यायल्यावर पोट बिघडणे ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांना दुधाने गांधी येतात, ओठ सुजतात किंवा श्वास अडतो, त्यांनी ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. मुलांच्या बाबतीत अमेरिकेतील मान्यता उपचारासाठी सात वर्षांपासून पुढे आहे. लहान मुलाला एवढ्या जोराने श्वास ओढता येत नाही हेही लक्षात घ्यावे. फ्लूमध्ये, विशेषतः मुलांमध्ये, भ्रम होणे किंवा विचित्र वागणे अधूनमधून दिसते, म्हणून औषध चालू असताना मुलाला एकटे ठेवू नये. तापासाठी मुलांना अॅस्पिरिन देऊ नये.

एक चूक घरात क्वचित होते, पण ती जिवावर बेतू शकते. ज्यांना ओढवत नाही अशा वृद्धांसाठी ही पावडर पाण्यात विरघळवून नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून देणाऱ्या यंत्रात, घालण्याची कल्पना कुणाला तरी सुचते. २००९ च्या साथीत परदेशात एका रुग्णाला असे विरघळवलेले औषध कृत्रिम श्वासयंत्रातून देण्यात आले, लॅक्टोजमुळे यंत्राची वाट अडली आणि तो रुग्ण दगावला; त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल स्पष्ट इशारा दिला. ओढता येत नसेल तर ओसेल्टामिव्हिर आहे, आणि त्याचा निर्णय डॉक्टर घेतील.

प्रतिबंधासाठी घेताना

चवथीला आपल्या घरांत माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मंडपीखाली) वीस-पंचवीस माणसे चार दिवस एकत्र जेवतात, झोपतात आणि आरत्या म्हणतात. त्यातल्या एकाला फ्लू झाला की साऱ्या घराला औषध द्यावे असे वाटणे साहजिक आहे. घरातल्या रुग्णाच्या संपर्कात आलेल्यासाठी प्रतिबंधाचा डोस दिवसातून एकदाच १० मिलिग्रॅम, दहा दिवस, आणि रुग्णाला लक्षणे दिसू लागल्यापासून ३६ तासांच्या आत सुरू केलेला असा असतो. उपचाराचा डोस दिवसातून दोनदा असतो. या दोन मोजण्यांची सरमिसळ होते, आणि मग औषध पाच दिवसांत संपून उरलेले पाच दिवस माणूस उघडा पडतो. औषध घेणे थांबले की संरक्षणही थांबते. सरसकट सगळ्यांना देण्याऐवजी घरातली गरोदर स्त्री, हृदयाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, वयस्कर माणसे यांच्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे; त्यांच्यासाठीही कोणते औषध योग्य ते डॉक्टरच ठरवतील.

लशीची जागा हे औषध घेत नाही. टोचून घ्यायची फ्लूची लस औषध चालू असतानाही घेता येते. नाकात फवारण्याची जिवंत लस मात्र औषध संपल्यावर ४८ तास घेऊ नये, आणि ती घेतल्यावर दोन आठवडे, डॉक्टरांना गरज वाटल्याखेरीज, हे औषध घेऊ नये, कारण औषध लशीतल्या विषाणूलाच अडवते.

त्या गृहस्थांना मी नवी चकती बसवून दाखवली नाही. आईचा श्वास कसा चालला आहे, पेज घेते का, हाक मारल्यावर नीट ओळखते का, एवढेच विचारले. ते जरा थांबून म्हणाले, "काल रात्रीपासून धाप लागल्यासारखी वाटते, आणि नुसती झोपूनच असते." धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीतून रक्त, नखे निळसर पडणे यांपैकी काहीही दिसले की रुग्णाला घरी ठेवायचे नसते, मग ताप कितव्या दिवसाचा आहे याला अर्थ उरत नाही. मी काउंटरवरूनच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावला आणि पत्ता त्यांनी सांगितला. डिस्कहेलर मी त्यांच्या रुमालात पुन्हा गुंडाळून दिला आणि तो सोबत न्यायला सांगितले, म्हणजे काय दिले, किती दिले आणि केव्हापासून दिले हे बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांना दाखवता येईल.