शस्त्रक्रियेनंतर पोट पुन्हा मार्गी कसे लावावे

शस्त्रक्रियेनंतर भेटायला येणारे बहुतेक जण एकच सल्ला देऊन जातात: हलके खा आणि पडून राहा. यातला पहिला भाग ठीक आहे. दुसरा मात्र पोटाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. माझ्या स्वतःच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि घरातल्या आणखी चौघांची शुश्रूषा मी केली. दर वेळी जखमेपेक्षा पोटानेच अधिक छळले.

पोटावरील शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ जणू संपावर जातात. लहान आतडे साधारण २४ तासांत कामाला लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे बहुधा दोन-तीन दिवसांनी जागे होते. आधीचा उपास लक्षात घेता पहिले दोन दिवस शौचाला झाले नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. वायू सरणे ही पहिली चांगली खूण असते, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर लाजून खोटे सांगू नये.

परवानगी मिळताच चालायला लागावे, थोडे थोडे खावे आणि घोट घोट पाणी पीत राहावे. आतड्यावरच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आहार, चोथा आणि रेचके या तिन्ही बाबतींत फक्त आपल्या सर्जनचेच ऐकावे.

खरी अडचण येते ती बद्धकोष्ठतेची, आणि तिचे मूळ पुष्कळदा वेदनाशामकांत असते. ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांसारखी ओपिऑइड वर्गातील औषधे आतड्यांची हालचाल मंदावतात; मळ आत रेंगाळतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि त्याचे खडे होतात. गुंगी काही दिवसांत अंगवळणी पडते, पण हा परिणाम औषध चालू असेपर्यंत टिकतो. म्हणून रेचक चौथ्या दिवशी नव्हे, तर या गोळ्यांबरोबर पहिल्याच दिवशी सुरू करायचे असते. घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना ‘वेदनाशामकाबरोबर रेचक कोणते घेऊ?’ हे स्पष्ट विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी धरून ठेवते आणि त्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात. सेना (म्हणजे सोनामुखी) किंवा बिसाकोडिल आतड्याला चालना देते आणि रात्री घेतल्यास बहुधा सकाळपर्यंत काम करते. काहींना दोन्ही प्रकारची रेचके लागतात. मात्र तेही डॉक्टरांनीच ठरवावे.

पहिल्या खेपेला मला हे कोणी सांगितले नाही. पाचव्या दिवशी एका हितचिंतकाच्या आग्रहावरून मी इसबगोल घेतले, तेही अर्ध्या पेल्या पाण्यात, कारण मळमळीमुळे पाणी जात नव्हते. इसबगोल पाणी शोषून फुगते; आतडे सुस्त आणि पाणी कमी असेल, तर आधीच अडलेल्या वाटेत आणखी एक बोळा बसतो. सहाव्या दिवशी मी एका हाताने टाके दाबून धरून जवळपास पाऊण तास कुंथत होतो. घामाने अंग भिजले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हाती काही लागले नाही. अखेर डॉक्टरांना विचारून गुदमार्गात ग्लिसरिनची कांडी ठेवली, तेव्हा अर्ध्या तासात सुटका झाली. गुदाशयावर किंवा मोठ्या आतड्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र सर्जनच्या परवानगीवाचून कांडी वा एनिमा यांच्या वाटेला जाऊ नये. ओपिऑइड चालू असताना इसबगोलाचा सल्ला देणाऱ्यांशी मी आता वादही घालत नाही, नुसता विषय बदलतो.

शौचाला बसण्याची वेळही ठरवून घ्यावी. सकाळच्या खाण्यानंतर मोठे आतडे आपोआप अधिक हालते, तेव्हा त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसावे. कमोडवर बसताना पायांखाली ठेंगणे स्टूल घ्यावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि मळाची वाट सरळ होते. पोटावर टाके असतील तर उशी कवटाळून थोडे पुढे वाकावे. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. श्वास रोखून जोर लावू नये.

बरेच दिवस काही न होता अचानक पातळ होऊ लागले, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नये. पुष्कळदा आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. अशा वेळी ती गोळी घेणे म्हणजे उरलीसुरली वाटही बंद करणे. पित्ताशय काढल्यानंतर काहींना होणारे जुलाब वेगळे: पित्त सतत आतड्यात उतरत राहते, त्याने हे होते. ते बहुधा काही आठवड्यांत कमी होतात, आणि न झाल्यास त्यावर औषध मिळते. प्रतिजैविकांनंतर वारंवार पाण्यासारखे जुलाब होऊ लागले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

पोट टणक फुगले आणि वायूही सरेनासा झाला, उलट्या थांबेनात, ताप चढला, असह्य कळ आली किंवा शौचातून रक्त गेले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळसर होतो, पण डांबरासारखा काळा आणि चिकट मळ दिसला तर तो लोहाच्या माथी मारू नये.

ओपिऑइड बंद झाल्यावर रेचक त्याच दिवशी तोडू नये; सलग दोन-तीन दिवस न कुंथता मऊ शौच झाले, की डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवावी.