बोजोले थंड करून प्या, आणि सोबत काय खायचं तेही बघा

रेड वाईन रूम टेंपरेचरलाच प्यायची हे डोक्यात इतकं फिट्ट बसलंय ना, की बोजोलेची, म्हणजे फ्रान्सच्या ह्याच नावाच्या भागातल्या रेड वाईनची, बाटली फ्रीजमधून काढली की लोक बघतच राहतात. पण ही थंडच छान लागते, बर्फगार नाही हां, १२ ते १४ डिग्री. खोली वीसेक डिग्रीला असेल तर फ्रीजमध्ये पाऊण तास पुरे, उन्हाळ्यात तास-दीड तास.

कारण सोपंय. तुरट वाईन थंड केली की जास्तच तुरट लागते, कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड आवळतं. बोजोलेमध्ये तुरटपणा मुळातच कमी. द्राक्ष गामे जातीचं, आणि अख्खे घडच्या घड टाकीत टाकतात, कार्बन डायऑक्साइड भरतो आणि मण्याच्या आतच आंबायला सुरुवात होते, त्यामुळे सालीतला तुरटपणा फार उतरत नाही आणि स्ट्रॉबेरी, कधी कधी चक्क केळ्याचा वास येतो. १३९५ मध्ये बोजोलेच्या उत्तरेला असलेल्या बरगंडीच्या ड्यूकने ह्याच गामेला 'बेइमान' ठरवून हाकललं होतं, खाली दक्षिणेत ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ते मस्त रुजलं.

घेताना लेबल नीट वाचा. साधी बोजोले, मग बोजोले-व्हिलाज, आणि त्यावर १० क्रू, म्हणजे खास नावाजलेल्या जागांच्या वाईन. क्रूच्या बाटलीवर बऱ्याचदा बोजोले हे नाव दिसतच नाही, नुसतं मोर्गों, फ्लरी, ब्रुई असं त्या जागेचं नाव असतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येते ती नूव्हो, सप्टेंबरच्या आसपास तोडलेल्या द्राक्षांची, ती साठवायची नाही, लगेच प्यायची. (मला विचाराल तर नूव्होचा गाजावाजा जास्त, पैसे क्रूवर घाला.)

आता खायचं काय? शेजारच्या ल्योन शहरात बूशों नावाच्या छोट्या खाणावळी आहेत, तिथे काय मागवतात ते बघायचं आणि तेच करायचं. जाड बुडाच्या ४६ सेंटिलीटरच्या बाटलीत वाईन येते, तिला 'पो' म्हणतात. सोबत सोसिसों, म्हणजे वाळवलेलं डुकराचं सॉसेज, पातळ चकत्या करून. चरबी जिभेवर बसते आणि वाईनचा आंबटपणा ती धुऊन काढतो, एक चकती एक घोट असं चालूच राहतं. सेर्वेल द कानू पण मागवा, अर्थ 'विणकराचा मेंदू' पण घाबरू नका, चक्क्यासारखं ताजं चीज असतं, त्यात लसूण, शॅलट (छोटे कांदे), हिरवे मसाले, व्हिनेगर. आंदुयेत हे आतड्यांचं सॉसेज, त्याचा वास सगळ्यांना झेपत नाही, मला तर नाहीच झेपला.

रोस्ट चिकनला फ्लरी. कोंबडी वाईनमध्ये शिजवलेली, म्हणजे कोक ओ व्हँ, असेल तर तीन-चार वर्षं जुनी मोर्गों किंवा मुलँ-आ-व्हाँ, ह्या दोन्ही जरा भारदस्त असतात, १५-१६ डिग्रीला चालतील. चीज हवं तर मऊ सँ-मार्सलँ. जाडजूड स्टेकला मात्र बोजोले कमी पडते, तिथे बोर्दो वगैरे बघा. आणि हो, आपल्या झणझणीत रश्शासोबत रेडच हवी असेल तर तुरट रेडपेक्षा ही थंड बोजोले कितीतरी बरी, तिखट आणि तुरट एकत्र आलं की तोंडाची नुसती आग होते.

उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकते, त्यानंतर कांदा-मश्रूम परतताना कढईत ओता.